अवघड स्पीकर आणि वॅटचा आकडा: होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरनिवडीची पार्श्वभूमी

होम थिएटरसाठी ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा?’ हाच असतो, आणि दुकानात त्याला उत्तरही तेवढेच मिळते. परंतु एकच शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर एका घरातले स्पीकर सहज चालवतो आणि दुसऱ्या घरात चित्रपटाच्या ऐन मोठ्या प्रसंगी आवाज फाटू देतो किंवा स्वतःच बंद पडतो. असे का होते हे समजण्यासाठी आवाजाचा भार गेल्या शंभर वर्षांत स्पीकरकडून ॲम्प्लिफायरकडे कसा सरकत गेला, ते पाहावे लागते.

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज सर्वत्र दिसणाऱ्या, चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी कोन असलेल्या स्पीकरची रचना मांडली. त्या काळी शक्ती महाग होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकची 300बी ही नावाजलेली व्हॅक्यूम नळी (ट्रान्झिस्टरपूर्वी आवाज वाढवणारा भाग) एकटी वापरली तर जेमतेम आठेक वॅट देत असे, त्यामुळे चित्रपटगृहांतून प्रचंड कर्णे बसवले जात, कारण कर्णा थोड्या शक्तीत पुष्कळ आवाज काढतो. पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये खोलीच्या कोपऱ्यात बसणारा घरगुती कर्णा बाजारात आणला, तोही याच विचाराने. पुढच्याच वर्षी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकातून प्रसिद्ध झालेला विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर 15 वॅटचा होता, आणि तेवढे वॅट घरासाठी भरपूर मानले जात.

हे गणित 1954 मध्ये पालटले. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने हवाबंद छोट्या पेटीतला, आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखी वापरणारा स्पीकर आणला, आणि कपाटाएवढ्या पेटीशिवाय न मिळणारा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीतून ऐकू येऊ लागला. त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीने, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती आवाज काढतो त्या गुणाने, मोजली. तेवढाच आवाज काढायला कितीतरी अधिक वॅट लागू लागले. छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोन घेतल्या की उरलेली सोडावीच लागते, हा नियम अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. आजच्या दिवाणखान्यातले सडपातळ स्पीकर थोड्या शक्तीत मोठा आवाज ही गोष्ट सोडूनच बनलेले असतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत निर्णायक वळण हेच आहे.

वाढलेली भूक भागवण्याचे काम ट्रान्झिस्टरने केले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस क्राउन कंपनीचा डीसी-300 हा ॲम्प्लिफायर चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या स्वतंत्र मार्गामागे, 150 वॅट देऊ लागला होता. हाताशी शक्ती आहे म्हटल्यावर स्पीकर बनवणारेही इंपीडन्सच्या, म्हणजे स्पीकर प्रवाहाला करतो त्या ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विरोधाच्या, बाबतीत सैल झाले. तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरला अधिक प्रवाह पुरवावा लागतो. 1980 च्या दशकातला अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर तर एका ओहमच्या जोडणीतही वापरला जाई, आणि क्रेलसारख्या मोजक्या ॲम्प्लिफायरांखेरीज इतरांना तो पेलत नसे. यामागचे कारण सरळ आहे. 8 ओहमला 100 वॅट देताना ॲम्प्लिफायर सुमारे 28 व्होल्टवर साडेतीन अँपिअर पुरवतो. तेच व्होल्टेज 4 ओहमवर टिकवायचे तर सात अँपिअर आणि 2 ओहमवर चौदा अँपिअर लागतात. शिवाय स्पीकरचा इंपीडन्स सुरागणिक बदलतो. पेटीवर 8 ओहम छापलेले असले तरी एखाद्या खर्जाच्या पट्ट्यात तो तीनवर उतरू शकतो, आणि तिथेच प्रवाह व व्होल्टेज यांची लय चुकलेली असेल तर ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांवर उष्णतेचा ताण अधिकच वाढतो.

आकड्यांच्या फुगवाफुगवीलाही असाच इतिहास आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये सलग देता येणारी शक्तीच जाहीर करण्याचे बंधन घातले, पण तो नियम स्टिरिओच्या काळातला होता आणि पाच-सात चॅनेल आल्यावर त्यात पळवाटा राहिल्या. 2024 च्या सुधारणेत 8 ओहम, 20 ते 20,000 हर्ट्झ आणि आवाजात एक टक्क्याहून कमी विकृती या मोजणीच्या अटी पक्क्या करण्यात आल्या. आपल्याकडे टेपरेकॉर्डरांवर झळकणारे हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल शक्तीचे) आकडे अनेकांना आठवत असतील. त्या आकड्याला मोजणीचा कोणताही ठरलेला आधार नव्हता.

घरात चित्रपटगृह आले ते अनेक स्पीकरांच्या ध्वनिपद्धतींतून, टप्प्याटप्प्याने: 1982 मध्ये डॉल्बी सराउंड, 1987 मध्ये प्रो लॉजिक, 1990 च्या दशकात लेझरडिस्क आणि डीव्हीडीवरून डॉल्बी डिजिटल. त्याबरोबर चित्रपटगृहाच्या आवाजाची पातळीही घरात आली. प्रत्येक मुख्य चॅनेलने आसनापाशी क्षणभर 105 डेसिबलपर्यंत जाता यावे, अशी ती अपेक्षा आहे. समजा, स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 85 डेसिबल देतो आणि श्रोता तीन मीटरवर बसतो. अंतरामुळे सुमारे साडेनऊ डेसिबल कमी होतात आणि खोलीच्या भिंती अंदाजे तीन परत देतात. उरलेली तफावत भरून काढायला जवळजवळ साडेचारशे वॅट लागतात. तोच स्पीकर 95 डेसिबलचा असेल, तर पंचेचाळीस वॅट पुरतात. यावरून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आधी पाहावी आणि वॅट मागाहून, असे मी आग्रहाने म्हणेन. 80 हर्ट्झखालचा भाग स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या स्पीकरकडे, सोपवण्याची टीएचएक्स या चित्रपटध्वनीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने रूढ केलेली पद्धतही हा भार बराच हलका करते.

खरी अडचण सर्व चॅनेलांचे ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, म्हणजे रिसीव्हरात, आल्यावर उभी राहते. सात चॅनेलना प्रत्येकी 100 वॅट एकाच वेळी द्यायचे तर बाहेर 700 वॅट पडतात. नेहमीच्या एबी वर्गाच्या मंडलाची कार्यक्षमता तत्त्वतःसुद्धा 78 टक्क्यांच्या आसपास थांबते, तेव्हा भिंतीतून किमान 900 वॅट ओढावे लागतील, आणि मध्यम किमतीच्या रिसीव्हरातला एकुलता ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बनवलेलाच नसतो. जाहीर झालेला आकडा बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेला असतो. कित्येक रिसीव्हरांत असलेली कमी ओहमची सेटिंगही शक्ती वाढवत नाही. ती आतले व्होल्टेज उतरवून उष्णता आटोक्यात ठेवते, म्हणजे कमी इंपीडन्सच्या अवघड स्पीकरला उलट कमीच मिळते.

म्हणूनच प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसीव्हर घेऊन पुढचे तीन स्पीकर वेगळ्या पॉवर ॲम्प्लिफायरवर चालवण्याची पद्धत रुजली. डावा, मधला आणि उजवा हेच चित्रपटाचा बहुतेक भार वाहतात, आणि ते बाजूला काढले की रिसीव्हरच्या ट्रान्सफॉर्मरला मागच्या व छतावरच्या स्पीकरांपुरतेच काम उरते. पूर्वी असे ॲम्प्लिफायर उचलायला दोन माणसे लागत, तर ब्रुनो पुट्झेस यांच्या कामामुळे गेल्या दोन दशकांत सुधारलेली डी वर्गाची (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारी) मंडले तेवढीच शक्ती हलक्या, फारशा न तापणाऱ्या पेटीत देतात. तीही घेताना 8 ओहमच्या आकड्याशेजारी 4 ओहमचा आकडा पाहावा, आणि आपल्या स्पीकरचा किमान इंपीडन्स तीनच्या खाली जात असेल, तर 2 ओहमबद्दल उत्पादकाने काय लिहिले आहे, किंवा काहीच लिहिलेले नाही, हेही पाहून घ्यावे.