स्पीड टेस्ट उत्तम, मग नेट अडखळतं का?

स्पीड टेस्टच्या पानावर ९५ एमबीपीएस दिसतात आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये बाईंचा आवाज तुटत असतो. अशा वेळी आपण एक तर केबलवाल्याला फोन लावून त्याच्यावर ओरडतो, नाहीतर पुढचा महागडा प्लॅन घेतो. बऱ्याच घरांत दोन्ही करून झालेलं असतं आणि आवाज तुटायचा तो तुटतोच. मला हे फार खटकतं. दर महिन्याला जास्तीचे पैसे जातात आणि दुखणं असतं भलतीकडेच. ते कुठे आहे हे घरबसल्या, काहीही विकत न आणता, बऱ्यापैकी खात्रीने शोधता येतं.

आधी एककांचा घोळ मिटवू. प्लॅनमधला एमबीपीएसचा आकडा म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, तर फाइल उतरवताना खिडकीत दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरणार. ‘१०० चं घेतलं आणि १२ च येतंय’ अशी तक्रार असेल तर तुमचं कनेक्शन ठणठणीत आहे.

आता मुख्य गोष्ट. सेकंदाला एकूण किती डेटा येऊ शकतो हा एक प्रश्न, आणि एका पॅकेटला, म्हणजे डेटाच्या एका लहान तुकड्याला, जाऊन परत यायला किती वेळ लागतो हा निराळाच प्रश्न. प्लॅनच्या जाहिरातीत पहिलाच आकडा असतो, दुसरा कुठेही छापलेला नसतो. सिनेमा बघायला पहिला आकडा लागतो. ४के दर्जाच्या चित्रालाही १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, आणि एखादं पॅकेट उशिरा आलं तरी बिघडत नाही, कारण पुढची काही सेकंदं आधीच उतरवून ठेवलेली असतात. व्हिडिओ कॉलला मात्र तीन-चार एमबीपीएस म्हणजे डोक्यावरून पाणी, पण त्याची पॅकेटं वेळेवर पोचावी लागतात. बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. कॉल अडखळत असेल तर १०० चा प्लॅन ३०० चा केल्याने सहसा काही फरक पडत नाही, तो याच कारणाने.

हा उशीर मोजणारी पिंग नावाची आज्ञा जवळपास प्रत्येक संगणकात असते. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक मूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुड्या सोनारची हाक देऊन प्रतिध्वनी ऐकतात, तेच तत्त्व इथे आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग टाइप करा, जागा सोडा आणि पत्ता द्या. पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर जोडलं, की थांबवेपर्यंत मोजणी चालू राहते. दोन खिडक्या उघडून दोन पत्ते द्यायचे. पहिला तुमच्याच राउटरचा. तो राउटरखालच्या लेबलवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरा बाहेरचा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. राउटरकडून उत्तर झटपट येतं आणि बाहेरचं रेंगाळतं, तर गडबड राउटरच्या पलीकडे. राउटरचंच उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ९०, कधी येतच नाही असं असेल, तर गडबड घरातच.

स्पीड टेस्ट मात्र शक्यतो लॅपटॉपला राउटरमधून थेट वायर जोडून करावी. वाय-फायवर केलेली स्पीड टेस्ट वाय-फाय आणि कनेक्शन या दोघांची मिळून होते, त्यातून एकट्या कनेक्शनबद्दल काहीच ठरवता येत नाही. लॅपटॉपला वायरची खाच नसेल तर राउटरपासून हातभर अंतरावर बसून, वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या नावावर जोडून टेस्ट घ्या.

वायर जोडून आलेला आकडा कधी कधी स्वतःच सगळं सांगून जातो. डोंबिवलीत एका नातेवाइकांकडे ३०० चा प्लॅन होता आणि टेस्टमध्ये सकाळ असो वा रात्र, ९४ च यायचे. वाय-फायचा आकडा नाचत असतो, रात्रीच्या गर्दीचा आकडा चढउतार दाखवतो. इथे काही हलतच नव्हतं, आणि अशा स्थिर ९४-९५ ला एक ठरलेलं कारण असतं. नेटवर्कच्या वायरीत तांब्याच्या आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. एक गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, वेगाला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार निसटली, तर बरीच उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा लागत नाही, नेट बंद पडत नाही. आणि १०० चे ९४ का? वायरीवरून जाणाऱ्या प्रत्येक १५३८ बाइटांमध्ये आपल्या कामाचे जास्तीत जास्त १४६० असतात, बाकीचा भाग पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा. हिशेब करा, ९५ च्या आतच आकडा येतो. त्या घरात फायबरच्या डब्यातून राउटरकडे जाणारी वायर कपाटाच्या दारात चिमटत होती आणि कनेक्टरच्या पारदर्शक टोकातून तपकिरी तार सुटलेली अगदी डोळ्यांना दिसत होती. नवी वायर टाकली आणि ३०० मिळाले.

आता सुरुवातीच्या त्या क्लासकडे येऊ. टेस्ट उत्तम आणि आवाज तुटका, यामागे असलेलं कारण मला सर्वांत जास्त दुर्लक्षित वाटतं. एक प्रयोग करा. बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा, समजा १२ मिलिसेकंद दिसताहेत. आता दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि आकड्याकडे बघत राहा. तो १५-२० वरच राहिला तर छान. पण १२ चे १५०, ३००, ५०० होत गेले आणि अपलोड थांबवताच पुन्हा १२ वर आले, तर चोर सापडला.

राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना थांबायला मेमरी असते, तिला बफर म्हणतात. घरातून राउटरपर्यंत डेटा वेगाने येतो आणि पुढची वाट अरुंद असते, तेव्हा जादा पॅकेटं तिथे रांगेत थांबतात. नरसाळं केवढंही मोठं घेतलं तरी खालून पडणारी धार तेवढीच राहते, वरून शेवटी ओतलेल्या थेंबाला मात्र जास्त वेळ थांबावं लागतं. अपलोड १० एमबीपीएस आणि बफर एक मेगाबाइटचा असेल, तर भरलेल्या रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या कॉलमधला ‘हॅलो’ नेमका त्या रांगेच्या शेवटी उभा असतो. फोन आपोआप फोटोंचा बॅकअप घेत असतो, घरात कुणाला पत्ताही नसतो, आणि क्लास मात्र अडखळतो.

याची मुळं जुनी आहेत. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला, आठशे पटींनी. दोन ठिकाणांमधलं अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं. पॅकेटं गर्दीत हरवत होती आणि संगणक तीच पुन्हा पुन्हा पाठवून गर्दी वाढवत होते. १९८८ मध्ये त्यांनी मांडलेला उपाय असा, की पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवावा आणि पॅकेट हरवलं की लगेच हात आखडता घ्यावा. पॅकेट हरवणं हीच गर्दीची खूण. आज इंटरनेट गर्दीतही तग धरून आहे ते मोठ्या प्रमाणात या विचारावर. पुढे मेमरी स्वस्त झाली. एकही पॅकेट हरवू नये या सद्‌हेतूने उपकरणांमध्ये मोठमोठे बफर आले, आणि पॅकेट हरवायला उशीर होऊ लागला. मग हात आखडण्याची खूण पाठवणाऱ्यापर्यंत फार उशिरा पोचते, तोवर रांग तुंबलेली असते. २०१० मध्ये संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना आपल्याच घरातून फाइली पाठवताना एका सेकंदाहून जास्त उशीर दिसला, तेव्हा त्यांनी हा विषय नेटाने लावून धरला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांग सांभाळण्याची नवी रीत दिली. तिच्यात रांगेची लांबी बघत नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतात. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या खाली आलाच नाही, की मोजकी पॅकेटं मुद्दाम टाकून देऊन पाठवणाऱ्याला वेळीच खूण करतात.

काही राउटरांमध्ये ही सोय एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाने असते. ती चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे रांग पुढच्या कुठल्या डब्यात न लागता आपल्या हातातल्या राउटरमध्ये लागते. दहा टक्के वेग सोडून कॉल स्वच्छ होत असेल, तर मी तो सौदा कधीही करेन. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. मग फोटोंचा बॅकअप रात्री झोपताना चालेल असं करून ठेवा. तेवढ्यानेही खूप काम होतं.

वायर न जोडता राउटरपर्यंतच पिंग अडखळत असेल तर वाय-फाय तपासा. एका चॅनेलवरची सगळी उपकरणं एकाच हवेत बोलतात. कुणी बोलत नाही ना ते आधी ऐकतात आणि मग आपली पाळी साधतात. त्या हवेत शेजाऱ्यांचे राउटरही आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १३ चॅनेल आहेत, पण प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि दोन चॅनेलांमध्ये अंतर ५ चं, त्यामुळे एकमेकांवर न चढणारी १, ६ आणि ११ अशी तीनच. सोसायटीत फोनवर पंधरा-वीस नावं दिसत असतील तर या तीन जागांवर केवढी दाटी होते ते बघा. वर याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये त्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. पण तो भिंतींपुढे लवकर दमतो. आरसीसीचा खांब, कपाटाचा आरसा, फ्रिज मध्ये आला की सिग्नल पडतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात तर पलीकडच्या खोलीतही अडचण येते. राउटर बहुतेक घरांत टीव्हीमागे किंवा चपलांच्या कपाटात असतो, कारण वायर तिथे येते. चार मीटर वायर वाढवून तो घराच्या मध्यावर, उंचावर ठेवणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दूरच्या खोलीतला जुना कॅमेरा ६ एमबीपीएसने बोलत असेल, तर तेवढाच डेटा पाठवायला तो ३०० ने बोलणाऱ्या फोनच्या पन्नासपट हवा अडवून धरतो. एक मागासलेलं उपकरण सगळ्या घराला हळू करतं.

वायरने मोजूनही सकाळी सहाला वेग पूर्ण आणि रात्री साडेनऊला निम्मा येत असेल, तर गर्दी बाहेरची आहे. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एकच धागा वाटला जाऊन ३२ किंवा ६४ घरांना पुरवला जातो आणि सगळ्यांत मिळून सुमारे २४८८ एमबीपीएस असतात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर वाट्याला ७८ च येतील. एरवी सगळे एकदम मागत नाहीत म्हणून हे जमतं. धाग्यातला प्रकाशही मोजता येतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर म्हणून उणे आकडा दिसतो. उणे २० म्हणजे १० मायक्रोवॅट, उणे २७ म्हणजे जेमतेम २. दर ३ ने प्रकाश निम्मा होतो. उणे २७ च्या खाली गेला की चुका आणि तुटणं सुरू होतं. काचेचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, त्यामुळे कनेक्टरवरची धूळ किंवा खिळ्याभोवती दिलेलं करकचून वळण एवढंही पुरतं. टोक काढून डोळ्याने आत पाहू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

एक उशीर मात्र कुणालाच दुरुस्त करता येत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. तिकडे असलेल्या मुलाशी बोलताना दोघं एकदम बोलायला लागतात त्यात तुमच्या प्लॅनचा दोष नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात मुंबईला येणाऱ्या एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या, तेव्हा आपल्याकडचं नेटही मंदावलं होतं. अशा दिवशी राउटर बंद-चालू करत बसू नका. पिंग ८.८.८.८ ला, ज्याचं उत्तर सहसा देशातूनच येतं, नेहमीसारखं येतं आणि परदेशातल्या पत्त्याला दुप्पट, एवढ्यावरून ते ओळखता येतं.

तक्रार करायची वेळ आली तर ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगून भागत नाही, कारण समोरून राउटर रीस्टार्ट करा एवढंच उत्तर येतं. वायर जोडून घेतलेले सकाळचे आणि रात्रीचे आकडे, राउटरला आणि बाहेरच्या पत्त्याला केलेल्या पिंगची चित्रं, आरएक्स पॉवरचा आकडा आणि तारीख-वेळ एका मेलमध्ये पाठवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे पहिल्यांदा हाच क्रमांक विचारतात.