दिव्याखालचा बेडूक

रिसॉर्टमध्ये संध्याकाळ झाली, पायवाटेच्या कडेचे बुटके दिवे लागले की जीवाला बरं वाटतं. उजेड आहे, आता कसली भीती? पण त्यातल्याच एखाद्या दिव्यापाशी पाच मिनिटं थांबून पाहा. आधी किडे जमतात. मग त्यांच्यावर टपलेली पाल येते. मग हिरवळीतून टुणटुणत एक बेडूक येतो आणि दिव्याखाली बैठक मारतो. बेडकाच्या मागावर कोण असतं, हे वेगळं सांगायला नको.

सापाला रिसॉर्ट का आवडावं? आपल्याला आवडतं त्याच कारणांसाठी: पाणी, गर्द झाडी, आडोसा आणि आयतं जेवण. आपल्या खरकट्यावर उंदीर पोसले जातात, उंदरांवर साप. शोभेचे दगड, शेकोटीसाठी रचून ठेवलेली लाकडं, गवतानं शाकारलेली छपरं, हे सगळं त्याच्या दृष्टीनं राहायला उत्तम. त्यात साप शीतरक्ताचा, म्हणजे अंगाची ऊब बाहेरून घेणारा. दिवसभर तापलेली फरशी सूर्य मावळल्यावरही बराच वेळ कोमट राहते. त्यामुळे आपण जेवून खोलीकडे परततो, नेमका त्याच सुमाराला तोही तिथे पसरलेला असू शकतो.

आता आकडे. जगात सापांच्या सुमारे 4,000 जाती आहेत. त्यातल्या 600 च्या आसपास विषारी आणि माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा साधारण 200. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 54 लाख लोकांना साप चावतो आणि 81,000 ते 1,38,000 माणसं त्यात दगावतात. यात सुट्टीवर आलेले पर्यटक फार थोडे; बहुतेक जण शेतात राबणारे, अनवाणी चालणारे, जमिनीवर झोपणारे आणि दवाखाना दूर असलेले. पण अपघात घडतो तो त्यांचा आणि आपला एकाच तऱ्हेनं. न बघता कुठेतरी पाय पडतो, नाहीतर हात जातो.

‘पाय आपटत चाला, साप पळतो’ हा सल्ला आपण सर्वांनी ऐकलेला असतो. तो निम्मा खरा आहे. सापाला बाहेरचा कान नसला तरी आतला असतो, आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते. धामणीसारखा चपळ साप चाहूल लागताच सटकतो. घोणस मात्र तशी नाही. तिच्या कुळातल्या जाडजूड सापांचा सगळा भरवसा अंगावरच्या नक्षीवर असतो. पाचोळ्यात मिसळून ते जागचे हलतच नाहीत. अशा सापापुढे पाय आपटून काय होणार? तिथे टॉर्चच हवी, आणि तिचा झोत समोरच्या झाडीवर नको, पुढचं पाऊल जिथे पडणार तिथे हवा.

पायात चपलेऐवजी बूट आणि अंगात लांब पँट असेल तर उत्तमच. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाणी भरलेले हातमोजे रॅटलस्नेकपुढे धरले होते, काही उघडे तर काही डेनिमनं झाकलेले. झाकलेल्या हातमोज्यांत उघड्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी विष उतरलं. बाकीचं कापडावरच सांडलं!

मुलांची काळजी वेगळी, कारण मुलांचा हात डोळ्यांच्या आधी पोचतो. चेंडू झुडपात गेला की मोठ्यांना हाक मारायची, बिळात आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, एवढं निघण्याआधीच ठरवून टाकावं. समुद्रकिनारी असाल तर आणखी एक: वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला साप वाळूवर मरगळून पडलेला दिसला तरी हात लावायचा नाही. तो समुद्रसाप असतो आणि विषारी असतो.

साप दिसलाच तर मागे सरकायचं. साप साधारणपणे स्वतःच्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो, त्यामुळे दोन-तीन मीटरवरून तो सहसा काही करू शकत नाही. पकडायला किंवा मारायला गेलेली माणसं मात्र विनाकारण चावून घेतात. तोडलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. फोटोसाठी जवळ जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं?

खोलीत बूट झटकून घालावेत आणि दाराखाली फट असेल तर टॉवेल गुंडाळून ती बुजवावी. नॅफ्थलीन किंवा गंधक टाकून साप येत नाहीत हा समज प्रयोगांत टिकलेला नाही. मण्यार आढळते अशा भागात जमिनीवर झोपणं टाळावं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला जागही येत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि साप चावला असेल ही शंकाही कुणाच्या मनात येत नाही.

चावलाच, तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा. चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं विष ओढणं, बर्फ लावणं, यातलं काहीही नको. कधीकधी साप चावतो पण विष सोडत नाही. ते खोलीत बसून ओळखता येत नाही, रुग्णालयातच कळतं. म्हणून पोचल्याबरोबर रिसेप्शनवर वाय-फायचा पासवर्ड विचाराल, तेव्हाच सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठल्या रुग्णालयात मिळतं तेही विचारून घ्या.

तिथे डॉक्टरांनी लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच प्रतिविषाची मात्रा दिली तर घाबरू नका. एरवी औषध मुलाच्या वजनावर ठरतं, पण प्रतिविष अंगात गेलेल्या विषाला निकामी करण्यासाठी असतं, आणि सापानं चावताना मुलाचं वजन पाहिलेलं नसतं.