बंद खिडक्यांचं घर

गिरगावात आमच्या चाळीतल्या खोलीला दारावर लाकडी झडप होती. सगळे तिला व्हेंटिलेटर म्हणत, आणि ती लावलेली मी कधी पाहिली नाही. खिडक्यांच्या फटींतून पावसाळ्यात पाणी यायचं. पुनर्विकासात फ्लॅट मिळाला, रबरी पट्टीच्या सरकत्या खिडक्या आल्या. पाणी, धूळ, रस्त्यावरचे हॉर्न सगळं थांबलं. हवाही थांबली, ते लक्षात यायला वेळ लागला.

साधा हिशेब करू. दहा बाय बाराची बेडरूम म्हणजे सुमारे 32 घनमीटर हवा. झोपलेला माणूस तासाला साधारण 13 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचे 26. खोली अगदी सीलबंद धरली तर त्याचं प्रमाण तासाला 800 पीपीएमने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 800 भागांनी, चढतं. बाहेर ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. म्हणजे तासाभरातच आपण हजाराच्या पुढे, आणि कोंदट खोलीची हीच सीमा म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये आखली होती. स्प्लिट एसी यात काही मदत करत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो.

खरी खोली सीलबंद नसते, फटी राहतातच. पण फटीतून हवा ढकलायला काहीतरी लागतं: आतबाहेरच्या तापमानातला फरक, नाहीतर वारा. मुंबईत पहिला फारसा नसतो, त्यामुळे सगळी भिस्त वाऱ्यावर. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी 1898 मध्ये आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते पूर्व-पश्चिम काढले ते समुद्राचा वारा वस्तीत शिरावा म्हणूनच. युरोपातली ‘पॅसिव्ह हाउस’ घरं आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट असतात, पण तिथे ताजी हवा आत आणणारं यंत्र बसवलेलं असतं. आपण घट्टपणा तेवढा उचलला.

आमच्याकडे स्वयंपाकघरातली चिमणी चालू केली की घरात गटाराचा वास यायचा. एकदा सगळ्या खिडक्या लावून चिमणी चालू केली आणि न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीजवळ अगरबत्ती धरली. धूर जाळीत न जाता उलट माझ्या अंगावर आला. चिमणी बाहेर फेकते तेवढी हवा कुठूनतरी आत येणारच; खिडक्या बंद, म्हणून ती ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखाली पाणी साठवून गटाराची हवा अडवणाऱ्या भांड्यातून, येत होती. तिथलं पाणी केव्हाच सुकलं होतं. तांब्याभर पाणी ओतलं, हॉलची खिडकी चार बोटं उघडली, वास गेला.

आईचं म्हणणं एवढंच, की झडप काय वाईट होती?