देखरेखीखाली मुलाची भेट: अर्ज कुठे, कागद कोणते, विनंती कशी मांडायची

ताब्याचा वाद कोर्टात गेला की मूल एकाकडे राहतं आणि दुसऱ्याला महिनोन्महिने दिसत नाही. त्यातच मारहाणीचा, व्यसनाचा किंवा मूल पळवून नेण्याच्या भीतीचा मुद्दा निघाला, की न्यायालय बऱ्याचदा मधला मार्ग काढतं: भेट द्यायची, पण तिसऱ्याच्या देखत. बहुतेक वेळा ही भेट कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, विवाह समुपदेशकाच्या नजरेखाली होते.

अनेकांना हा आदेश अपमानाचा वाटतो आणि ते जातच नाहीत. कृपा करून असं करू नका. वर्षभर न दिसलेल्या बापाच्या कडेवर चार वर्षांचं पोर एकदम जात नाही. पहिल्या दिवशी ते दाराशीच उभं राहतं, तिसऱ्या-चौथ्या भेटीला ठोकळे घेऊन शेजारी बसतं. ओळख परत जमायला तो वेळ लागतोच.

अर्ज आई किंवा वडील, ज्यांच्याकडे मूल नाही ते करतात. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली अंतरिम अर्ज देता येतो. दावा नसेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली, आणि तोही मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे असेल, तर २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली तेही भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. भेट मुलाला अपायकारक वाटली तर नाकारूही शकतात.

कागदांत मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, मूल कुठे राहतं ते दाखवणारा शाळेचा बोनाफाईड, आधीचे आदेश आणि प्रतिज्ञापत्र लागतं. भेटीसाठी पाठवलेले मेसेज जोडणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही सोबत द्या. व्यसनाचा आरोप असेल तर उपचाराचे कागद लपवू नका, उलट तेच पुढे ठेवा. देखरेख मागणाऱ्याकडे दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार असं काही ठोस हवं.

खरी मेख विनंतीच्या परिच्छेदात असते. ‘मुलाला भेटू द्यावे’ एवढंच लिहिलंत तर आदेशही मोघम येतो आणि प्रत्येक भेटीआधी नवं भांडण होतं. त्यापेक्षा असं लिहा: ‘दर पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दुपारी ३ ते ५, न्यायालयातील मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या उपस्थितीत, त्या दिवशी सुट्टी आल्यास पुढील कामाच्या शनिवारी.’ मुलाला कोण आणणार, आजी सोबत चालेल का, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल किती वाजता, हेही मांडा. मूल परदेशी नेण्याची भीती असेल तर पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची मागणी इथेच करा. देखरेख किती भेटींनंतर सैल करायची, हा टप्पाही मागून ठेवा. तो मागायचा राहिला की तीच व्यवस्था लांबत जाते.

समोरच्याचं म्हणणं आलं की न्यायालय समुपदेशकाचा अहवाल मागवू शकतं. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, परवानगी लागते. ती मागता येते. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सुनावणी बंद दालनात व्हावी असं कोणत्याही एका पक्षाने म्हटलं तरी ती तशी घ्यावी लागते. मुलाचं नाव चारचौघांत नको असेल तर ही विनंती जरूर करा.

आदेशाची प्रमाणित नक्कल लगेच काढा. प्रत्येक भेटीला वेळेआधी पोहोचा आणि हजेरीची नोंद होते आहे ना, ते पाहा. मूल आणलं गेलं नाही तर तिथे वाद न घालता त्याच दिवशी समुपदेशकाकडे लेखी द्या. हे पुन्हा पुन्हा झालं, तर त्या नोंदींच्या आधारे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. परिस्थिती पालटली तर वेळा वाढवायला किंवा देखरेख काढायलाही त्याच न्यायालयात नवा अर्ज चालतो.