फॅशन आणि बौद्धिक संपदा कायदा

कपडे व दागिने यांच्या नमुन्यांवर कोणाचा आणि किती काळ हक्क असावा, याचा विचार करणारी कायद्याची अभ्यासशाखा. काल राउस्टियाला व ख्रिस्तोफर स्प्रिगमन या अमेरिकी कायदे-अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडले की, नकलेमुळे फॅशनचे नुकसान होत नाही; नमुना सर्वांच्या अंगावर दिसू लागला की तो शिळा होतो आणि नव्याची मागणी वाढते. २००९ मध्ये स्कॉट हेम्फिल व जीनी सुक यांनी याचा प्रतिवाद केला: एखाद्या लाटेत सामील होणे वेगळे आणि हुबेहूब नक्कल वेगळी, नकलेचा फटका नवख्या रचनाकारांनाच बसतो.

भारतातील लेखन मुख्यतः कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५(२) भोवती फिरते. डिझाइन म्हणून नोंदवता येणारी, पण न नोंदवलेली रचना औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा वस्तूवर उतरली की तिचा कॉपीराइट संपतो. ‘रितिका विरुद्ध बिबा’ (दिल्ली उच्च न्यायालय, २०१६) हा दोन वस्त्र-कंपन्यांमधील दावा यावरच अडला. डिझाइन अधिनियम, २००० खालील नोंदणी १० वर्षे टिकते, ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. मात्र नमुना नवा हवा. कलम १५(२) वरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल द्रवरूप वायूच्या ट्रेलरच्या आराखड्यांवरून लागला, तरी फॅशनच्या अभ्यासकाला तो वाचावाच लागतो.

खानदेशात ५० हा आकडा फारच तोकडा वाटतो. सुरत–भुसावळ लोहमार्गामुळे सुरतेचे कापड इथल्या बाजाराला जवळचे. लग्नसराईत चाललेल्या साडीचा नमुना पहिल्या काही गठ्ठ्यांतच ही मर्यादा ओलांडतो.

सातपुड्यात अडचण निराळी आहे. नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावच्या राजवाडी होळीतील मोरपिसांचे टोप आणि कमरेचे घुंगरू, किंवा भिल्ल-पावरा स्त्रियांचे चांदीचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून ते ‘नवे’ नाहीत आणि त्यांचा कर्ता दाखवता येत नाही. उरते भौगोलिक निर्देशन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूचे मानांकन) अधिनियम, १९९९ ची वाट. जळगावची केळी व भरीत वांगी यांना हे मानांकन आहे. पण त्यात संरक्षण मिळते ते वस्तूच्या नावाला, नक्षीला नाही. तीच नक्षी दुसऱ्या नावाने विकणारा अडत नाही. शिवाय हस्तकलेच्या बाबतीत हा अधिनियम वस्तू घडवणाऱ्याला आणि तिचा व्यापार करणाऱ्याला उत्पादक मानतो. चांदी घडवणारा सोनार या व्याख्येत बसतो. दागिना कसा असावा हे ठरवणारी पावरा बाई बसत नाही.