पोटातला गोळा: ताण आणि भावना यांच्या शास्त्राची पार्श्वभूमी

1897 च्या सुमाराची गोष्ट. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती आणि हार्वर्डमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेणारे वॉल्टर कॅनन हे नवं तंत्र वापरून मांजरांचं पचन बघत होते. खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला की ते पडद्यावर गडद दिसायचं आणि जठरावरून एकामागून एक लाटा सरकताना स्पष्ट दिसायच्या. पण मांजर चिडलं, सुटायला धडपडू लागलं की लाटा एकदम थांबायच्या. अंगावरून हात फिरवून त्याला शांत केलं, ते समाधानाने घुर्रघुर्र करू लागलं, की पुन्हा चालू. सुरुवातीला ही प्रयोगातली अडचणच होती. कॅनननी तिचाच पाठपुरावा केला, आणि माझ्या मते ताणाच्या शास्त्राचा खरा उगम तिथे आहे.

असं काही दिसल्याची नोंद त्याआधीही होती. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. त्याच्यावर उपचार करणारे विल्यम ब्यूमाँट त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडत आणि काही वेळाने बाहेर ओढून बघत. राग आणि भीती यांनी जठराचं अस्तर आणि पाचकरस बदलतात, असं त्यांनी 1833 च्या पुस्तकात लिहून ठेवलं. ते कशामुळे होतं, हे मात्र त्यांना सांगता आलं नव्हतं.

कॅननना ते सापडलं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक उतरतं, हे त्यांनी 1911 च्या सुमारास दाखवलं. 1915 च्या त्यांच्या पुस्तकात सगळं चित्र येतं: लढायचं किंवा पळायचं म्हणून हृदय जोरात धडधडतं, यकृतातून साखर बाहेर पडते, पचन थांबतं. आपण बोलतो त्यातलं बरंच यात शब्दशः बसतं. हातपाय गार पडतात, कारण त्वचेकडचं रक्त स्नायूंकडे वळलेलं असतं. तोंडाला कोरड पडते, कारण लाळ आटते. पोटात गोळा येतो तोही काही कल्पनेतला नसतो.

मग ‘ताण’ हा शब्द आला आणि गंमत म्हणजे त्याच्याबरोबर भावना मागे पडली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांना वेगवेगळे अर्क टोचून बघत होते. काहीही टोचा, थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, उंदरांत तेच तीन बदल: ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. 1936 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. या सगळ्याला त्यांनी पुढे यंत्रशास्त्रातला शब्द दिला: स्ट्रेस. मराठीतही आपण दोरीवर पडतो तोच ‘ताण’ उचलला. सेल्येंचं म्हणणं असं की कारण कुठलंही असो, शरीराचा प्रतिसाद एकसारखाच. सिद्धांत देखणा होता. पण उंदराला त्या वेळी काय वाटत होतं, हा प्रश्नच त्यात उरला नाही.

तो प्रश्न परत आणला जॉन मेसन यांनी, आणि त्यांचा माकडांवरचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. उपासमार हा शारीरिक ताण, तेव्हा उपाशी माकडाच्या शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींतून येणारं ताणाचं संप्रेरक, वाढायलाच हवं. तसं ते वाढलंही. मेसननी विचारलं, पण हे माकड बसलंय कुठे? शेजारच्या पिंजऱ्यांतली माकडं जेवताहेत आणि आपल्याला कोणी काही देत नाही, हे ते बघत होतं. मग त्यांनी उपाशी माकडं वेगळी ठेवली आणि त्यांना फळांच्या चवीच्या, पण पोषण शून्य असलेल्या गोळ्या दिल्या. पोट भरल्यासारखं वाटत होतं, अन्न मात्र मिळत नव्हतं. कॉर्टिसोलमध्ये ती वाढ झाली नाही. उपासमार तीच, फक्त डावललं गेल्याचं दुःख काढून घेतलेलं. सेल्येंच्या उंदरांत जे ‘समान’ होतं ते थंडी-उष्णतेतलं काही नसून त्या जिवाची घाबरगुंडी असावी, असा मेसन यांचा दावा होता. 1975 साली दोघांचा वाद छापील स्वरूपात झडला.

त्याच काळात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस माणसांना अंगावर काटा आणणारी चित्रफीत दाखवत होते. दृश्यं तीच ठेवून सोबतचं निवेदन बदललं की बघणाऱ्यांच्या तळहाताच्या घामातही फरक पडायचा. जे वाईस या संशोधकांनी उंदरांच्या जोड्या करून दोघांना अगदी सारखेच विजेचे झटके दिले. ज्याला चाक फिरवून झटका थांबवता येत होता त्याला व्रण कमी, त्याच्या असहाय जोडीदाराला जास्त.

व्रणांच्या बाबतीत पुढे एक वळण आलं. 1982 मध्ये मार्शल आणि वॉरन यांना जठरात जिवाणू सापडला (2005 चं नोबेल त्यासाठीच) आणि ‘ताणामुळे अल्सर’ हे समीकरण बाद झाल्यासारखं वाटलं. पण तो जिवाणू असणाऱ्या बहुतेकांना व्रण होतच नाहीत, त्यामुळे प्रश्न पुरता मिटलेला नाही. दुसरीकडे 1995 साली, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर, कोपराच्या खाली, मुद्दाम केलेली साडेतीन मिलिमीटरची जखम इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरल्याचं दिसलं. ‘काही नाही, नुसतं टेन्शन घेतलंय’ असं म्हणून माणसाला परत पाठवणाऱ्यांनी त्या नऊ दिवसांचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हृदय. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी एका आजाराला ‘ताकोत्सुबो’ नाव दिलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं, अरुंद गळ्याचं मडकं. जवळचं माणूस गेल्याच्या धक्क्याने छातीत कळ येते, लक्षणं हार्ट अटॅकची, पण रक्तवाहिन्या मोकळ्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र त्या मडक्यासारखा फुगलेला. 2005 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तातलं ॲड्रेनलिन हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दुप्पट-तिप्पट निघालं. 2016 साली झ्युरिकहून चालवल्या जाणाऱ्या नोंदवहीतून भावनिक कारण नक्की ठाऊक असलेले 485 रुग्ण तपासले, तेव्हा त्यातल्या 20 जणांच्या बाबतीत कारण दुःखाचं नव्हतंच. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाचा वाढदिवस अचानक साजरा झाला होता, कोणाला नातवंड झालं होतं.