फाइट श्टोस

श्टोस, फाइट : (सु. १४४७–१५३३). गॉथिक कलेच्या अखेरच्या काळातील जर्मन शिल्पकार व काष्ठशिल्पी. जन्म बहुधा नेकार नदीकाठच्या होर्ब गावी. पोलंडमध्ये तो वित स्त्वोश या नावाने ओळखला जातो आणि पोलिश लोक त्याला आपलाच मानतात. लाकडावर त्याचा हात विशेष बसलेला असला, तरी दगड, रंग आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे यांतही त्याने काम केले.

१४७७ मध्ये न्यूरेंबर्ग या जर्मन शहराचे नागरिकत्व सोडून तो पोलंडमधील क्राकुफला गेला. तेथील सेंट मेरी चर्चची भव्य वेदी, म्हणजे पूजास्थानामागे उभारलेली दारे असलेली कोरीव लाकडी चौकट (१४७७–८९), हे त्याचे सर्वश्रेष्ठ काम. ती सुमारे १३ मी. उंच व ११ मी. रुंद आहे. मधल्या भागात देह ठेवणारी येशूची आई मेरी आणि तिच्याभोवती गोळा झालेले प्रेषित (येशूचे शिष्य) आहेत. लिंडनच्या लाकडात कोरलेल्या या मूर्ती माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठ्या असून त्यांवर सोने व रंग चढवले आहेत. वस्त्रांच्या खोल, वळसेदार चुण्या ही श्टोसची खूण म्हणून सांगतात; पण खरे पाहावेत ते हात. म्हाताऱ्यांच्या फुगलेल्या शिरा आणि सुजलेले सांधे त्याने इतके नेमके टिपले, की पुढे वैद्यांना या मूर्तींवर त्वचारोगांची लक्षणेही दिसली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी पळवून न्यूरेंबर्गला नेली. १९४६ मध्ये ती पोलंडला परत मिळाली. क्राकुफच्याच वावेल कॅथीड्रलमधील पोलंडचा राजा चौथा कासिमिर याची समाधी (१४९२) त्याने लाल संगमरवरात घडवली.

१४९६ मध्ये तो न्यूरेंबर्गला परतला. व्यापारात गुंतवलेला पैसा बुडाला, तेव्हा तो वसूल करण्यासाठी त्याने खोटी सही-शिक्का असलेला दस्तऐवज बनवला. शिक्षा म्हणून १५०३ मध्ये त्याच्या दोन्ही गालांवर डाग देण्यात आले आणि परवानगीशिवाय शहर सोडण्यास मनाई झाली. तरीही तो म्युन्नरश्टाटला पळाला. तेथे रीमेनश्नायडर या समकालीन जर्मन शिल्पकाराने रंगाविना ठेवलेल्या वेदीला त्याने रंग दिला आणि तिच्या दारांवर संत किलियनच्या कथेची चित्रे काढली. पुढे सम्राट पहिला माक्सिमिलियन याने त्याला माफी दिली.

त्याचे उत्तम काम मात्र या बदनामीनंतरही होत राहिले. न्यूरेंबर्गच्या सेंट लोरेन्झ चर्चच्या छतापासून टांगलेले ‘देवदूताचा निरोप’ (येशूच्या जन्माची मेरीला दिलेली वार्ता; १५१७–१८) हे शिल्प गुलाबांच्या प्रचंड कड्यात बसवलेले आहे. १८१७ मध्ये ते खाली पडून फुटले. नंतर तुकडे जुळवून दुरुस्त केले गेले. फ्लॉरेन्समधील त्याच्या संत रॉकच्या मूर्तीची इटालियन कलाचरित्रकार वाझारीने लाकडातील चमत्कार म्हणून तारीफ केली, परंतु श्रेय भलत्याच फ्रेंच कलावंताला दिले.

अखेरची मोठी वेदी (१५२०–२३) त्याने न्यूरेंबर्गच्या कार्मेलाइट मठासाठी कोरली. त्याचा मुलगा आंद्रेआस तेथे मठाधिपती होता. ही वेदी श्टोसने मुद्दाम रंगवली नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठ बंद झाला, आंद्रेआसला शहर सोडावे लागले आणि वेदी अखेर बाम्बेर्गला गेली. आज ती तेथील कॅथीड्रलमध्ये आहे.